अकरा नंबरचं बोट

पिशवी खुंटीवरून पडली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि गौतमी झोपेचं सोंग घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. सोंग कुणासाठी, असं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. नवरा कुरकुंभला कामावर गेलेला, घरात आई एकटी, आणि आईला पोरीची झोप आणि पोरीचं सोंग यांतला फरक बाहेरच्या ओट्यावर बसून नुसत्या श्वासावरून कळायचा. आवाज तसा काहीच झाला नाही. लग्नात आहेराला देतात तसली 'शुभविवाह' छापलेली कापडी पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं, आत एक टोपी, चष्म्याचं घर, टॉवेल, चार्जर, असलंच काहीबाही. पण गौतमी पलंगावर ताडकन उठून बसली, उजव्या हाताची दोन बोटं समोरच्या हवेत चिमटीसारखी धरून, आणि म्हणाली, "आले, आले." कुणी बोलावलं नव्हतं. पंखा फिरत होता. पिशवी फरशीवर आडवी पडून, पोट किंचित पुढं काढून आपल्याकडे बघतेय असं तिला वाटलं, आणि लगेच पिशवीला पोट नसतं हेही कळलं. पण कळून भीती थोडीच थांबते.

बाहेरून आईनं, ताईबाईंनी, विचारलं काय पडलं, आणि गौतमी पिशवी म्हणाली. ताईबाई भूतखेत मानत नव्हत्या, बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या, देव्हारा घरात कधी आला नाही. तरी तीन दिवस त्या खुंटीखालून त्या वाकून जात होत्या. "दिऊन टाक की एकदाची," त्या म्हणाल्या. "मानसं वाट बघत आसतील. आन् तुजी रजा आज सरली."

पिशवी शंकररावांची होती. शंकरराव पाटसचे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात काढून निवृत्त झालेले. दौंडला, यवतला कुठंच खाट मिळाली नाही म्हणून त्यांना शिरूरला आणलं होतं, शिरूरबाहेरच्या एका मंगल कार्यालयात दुसऱ्या लाटेपुरतं कोविड सेंटर उघडलं होतं तिथं. अकरा नंबरच्या खाटेवर ते नऊ दिवस होते. दहाव्या दिवशी सकाळी सहाच्या आधी केव्हातरी गेले. ती रात्र गौतमीची होती. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. शंकररावांचा देह परस्पर शिरूरच्याच स्मशानात गेला, पुतण्या लांबून हात जोडून मोटारसायकलवर माघारी फिरला, आणि सामान राहिलं. असं मागं राहिलेलं सामान, ज्या सिस्टरच्या वाटेवर ते गाव असेल तिनं सुट्टीला जाताना पोचतं करायचं, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. न्हावऱ्याकडची सिस्टर न्हावऱ्याच्या पिशव्या न्यायची, गौतमी चौफुल्यापासून दौंडपर्यंतच्या. आजवर तिनं सहा पोचवल्या होत्या. ही सातवी. इन्चार्ज शेवंताबाईंनी फवारा मारून दोन दिवस उन्हात ठेवली आणि स्वतः तिच्या स्कुटीला अडकवली. सोबत एक कागद दिला, डेथ ऑडिटचा: चार वाजता ऑक्सिजन चौऱ्याण्णव, सहाला पेशंट मृत, मधल्या काळाबद्दल ड्युटीवरील परिचारिकेनं लेखी खुलासा सादर करावा. शेवंताबाई म्हणाल्या होत्या, दोन ओळी खरड, पेशंट स्थिर होता, अचानक गेला. असे किती गेले, कोण धरून बसतंय. त्यांना वाईट मुळीच म्हणायचं नव्हतं. त्यांनी गौतमीच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला, त्या दिवसांत कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवत नसताना. आणि गौतमी चौफुल्यावरून वळून पाटसच्या फाट्यावर आली, स्कुटी हळू केली, आणि न थांबता दौंडला घरी आली. पिशवी खुंटीवर लावली. खुलाशाचा कागद पर्समध्ये कोरा. उद्या सकाळी हजर व्हायचं तर तो लिहून न्यायचा होता.

लिहायला काहीच हरकत नव्हती. नोकरी कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांची, एका ओळीनं जाईल अशी. दोन ओळी खरडल्या की मिटलं. फक्त अडचण अशी होती की गौतमीला अकरा नंबरचं बोट आठवत नव्हतं.

बाकीची सगळी आठवत होती. दोन-दोन हातमोज्यांतूनही बोटं कळतात, हे तिला या दोन महिन्यांत समजलं. त्या मंगल कार्यालयात जिथं पंगती बसायच्या तिथं बावीस खाटा होत्या, वधूपक्षाच्या खोलीत सिस्टर लोकांनी किट चढवायचं, वरपक्षाच्या खोलीत सिलिंडर, आणि आत गेलं की माणसांचे चेहरे नसायचेच, मास्क आणि नळ्या असायच्या. मग उरायची बोटं. बोटाला ऑक्सिजन मोजायची ती छोटी चिमटी लावायची, आकडा स्थिरावेपर्यंत बोट धरून ठेवायचं. तीन नंबरच्या बाईच्या नखांवर अर्धी उडालेली मेंदी. सात नंबरचं बोट कायम गार, चोळून गरम केल्याशिवाय आकडाच दाखवायचं नाही. दहा नंबरच्या गवंड्याचं टोक सिमेंटनं खाल्लेलं. बारा नंबरचा मास्तर बोट पुढं करताना उरलेली चार मुठीत लपवायचा. चार वाजताच्या राउंडची ही सगळी बोटं तिला त्या रात्रीची, त्या वेळेची म्हणून आठवत होती. दहाचं खरबरीत टोक. मग बाराची मूठ. मधे काहीच नाही. जिना उतरताना एक पायरी नसावी आणि पाय खाली, खाली जातच राहावा, तसं. तीन दिवस ती डोळे मिटले की त्या पायरीवर यायची.

शंकररावांचं बोट न आठवण्यासारखं नव्हतं. जाडजूड, तर्जनीवर पेन्सिलीचा घट्टा. पहिल्या दिवशी त्यांनी तिला नाव विचारलं होतं, मग आडनाव, मग ओव्हाळ म्हणजे कुठले. दौंडची, असं ती म्हणाली. "दौंडची ते कळलं," म्हणून ते मास्कमधून हसले, आणि काय कळायचं ते कळून घेऊन पुढं विचारायचे थांबले. गौतमीला त्याचं नवल नव्हतं. नवल या गोष्टीचं की दुसऱ्या राउंडपासून ते बोट आपणहून पुढं करायचे, आणि चिमटी लागली रे लागली की विचारायचे, "काटा किती?" प्रत्येक वेळी. एक्क्याण्णव म्हटलं की म्हणायचे, वाढ्यासकट का बिगर वाढ्याचं. उसाचं वाढं म्हणजे वरचा हिरवा पाला, तो वजनात धरायचा की नाही यावरून म्हणे सगळी भांडणं. "पंचवीस वर्सं काट्यावर काढली, सिस्टर. गाडी काट्यावर चढल्याबिगर पावती फाडली न्हाई कवा." आणि तिनं सांगितलेला आकडा ते लिहून ठेवायचे. एका जुन्या केसपेपरची मागची कोरी बाजू तिनंच त्यांना दिली होती, आत आलेला कागद तसाही बाहेर जाणार नव्हता. उशाशी चष्म्याच्या घरात पेन्सिलीचा तुकडा. वेळ, आकडा. वेळ, आकडा. पण उशाजवळचं सामान भरताना हा कागदही त्या पिशवीत आला होता. शेवंताबाईंचा फवारा त्याच्यापर्यंतही पोचला असणार, पण पेन्सिलीचं लिहिणं फवाऱ्यानं जात नाही.

तिचं स्वतःचं लिहिणं मात्र गेलं होतं. आत चार्ट न्यायचा नाही, म्हणून सगळ्या जणी किटच्या डाव्या बाहीवर मार्करनं लिहायच्या, खाटेचा नंबर आणि पुढं आकडा. राउंड झाला की दारापाशी येऊन बाहीवरचं चार्टवर उतरवायचं, आणि ड्युटी संपली की बाही किटसकट पिवळ्या पिशवीत, पिवळी पिशवी भट्टीत. त्या रात्री चारच्या राउंडला ती दहा नंबरपर्यंत आली. दहा आणि अकराच्या मधे कुणीतरी स्टेजवरून ओढून आणलेली नवरानवरीची खुर्ची होती, लाल मखमलीची, सोनेरी हातांची, दोघं मावतील अशी. सिस्टर लोक तिला सिंहासन म्हणायच्या आणि तिच्यावर बसायच्या नाहीत, कारण बसलं की संपलं हे सगळ्यांना माहीत होतं. सलग बारावी रात्र होती. किटच्या आत घाम पावलापर्यंत उतरला होता, काचेवर वाफ. ती खुर्चीच्या हाताला टेकली. टेकली एवढं आठवतं. मग बाराची मूठ आठवते. मग दारापाशी चार्ट, आणि बाहीवर अकराच्या पुढं काळा धब्बा. घामानं पुसलं, असं ती स्वतःशी म्हणाली. मनात म्हणाली की मोठ्यानं, तेही आठवत नाही. रात्री बारा वाजताच्या राउंडला अकराचं चौऱ्याण्णव होतं हे लक्षात होतं. तिनं चौऱ्याण्णव लिहिलं. अक्षर छान आलं, दोन्ही आकडे गोल, घट्ट, तिचे नेहमीचे. चार्टच्या त्या पानावर दुसरा एकही आकडा इतका देखणा नव्हता, आणि ऑडिटचा कागद वाचल्यापासून तिला त्या देखणेपणाचीच सर्वांत जास्त भीती वाटत होती. जागं माणूस त्या वेळी तसं लिहीत नाही.

धब्बा होता का? की धब्बासुद्धा तिनं नंतर आठवून घेतला, पायरी नव्हती तिथं फळी टाकावी तसा?

दुपार चढली. ताईबाईंनी पिशवी उचलून पुन्हा खुंटीला लावली आणि हात धुतले. फोन वाजला म्हणून गौतमीनं बघितलं तर सिस्टरांच्या ग्रुपवर कुण्या नर्सिंग कॉलेजच्या मुलीनं पाठवलेली प्रश्नावली होती, महामारीतील परिचारिकांची झोप आणि मानसिक आरोग्य, कृपया पाच मिनिटं द्या, आपलं नाव गुप्त राहील. तिला पहिल्यांदा हसू आलं. गेल्या महिन्यात आपल्याला झोप लागण्यास साधारण किती मिनिटे लागली? गेल्या महिन्यात आपल्या झोपेचा दर्जा कसा होता: खूप चांगला, बरा, वाईट, खूप वाईट. दर्जा. जणू झोप म्हणजे तांदूळ. तिनं अंगठा 'वाईट'वर नेला, मग 'खूप वाईट'वर, मग काढून घेतला. पुढचा प्रश्न होता, सामाजिक कामे करताना किंवा जागे असणे आवश्यक असताना डोळा लागण्याचे प्रसंग किती वेळा आले. एकदाही नाही, आठवड्यातून एकदापेक्षा कमी. फोन तिनं उशीखाली पालथा घातला. नाव गुप्त राहील म्हणे. हातापासून नाव गुप्त राहत नाही.

झोप येत नव्हती असं नाही, हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं, त्या कॉलेजच्या मुलीला तर नाहीच. झोप येत होती, पाठीमागं लागल्यासारखी येत होती, आणि गौतमी तिच्यापुढं पळत होती. कारण आपण झोपलो की आपला हात जागा राहतो, असा तिचा आता जवळजवळ विश्वास बसला होता. परवा दुधाची पिशवी कपाटात सापडली, कपड्यांच्या घडीवर, नीट ठेवलेली. काल पेपरच्या समासात पेननं लिहिलेलं सापडलं, ९४. तिचेच गोल आकडे. ताईबाईंना लिहिता येत नाही, नवरा सम्राट आकडे तिरके काढतो. तिनं तो कोपरा फाडला, बारीक तुकडे केले, आणि ते कुठं टाकावेत हे न कळून मुठीत धरून अर्धा तास मोरीत उभी राहिली. सम्राटला सांगितलं नाही. तो भला माणूस, त्यानं डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टर लोकांना सध्या झोप नव्हती. त्याऐवजी ती त्याचा श्वास मोजायची. तो झोपला की त्याचं बोट हळूच हातात घ्यायची, चिमटी नसताना, आकडा येईल म्हणून वाट बघत. तो झोपेत बोट सोडवून घ्यायचा.

चाळीतली माणसं लांबून बोलत होती. सिस्टर आहे म्हणून तिच्या दोरीवरच्या कपड्यांपासून हातभर जागा सोडून बायका आपले कपडे वाळत घालायच्या. ताईबाईंना यात काही नवीन वाटलं नाही. "माज्या सासूनं आसंच काडलं," त्या म्हणाल्या, "फकस्त तवा मास्क नव्हता."

हा दौंडचा भाग एरवी दिवसा झोपणाऱ्यांची कदर करणारा. रेल्वेची माणसं, कुणाची रात्रपाळी, कुणाची पहाटेची गाडी; दारावर खडूनं 'झोपलेत' लिहिलं की पोरं त्या दारापुढून गोट्या उचलून लांब न्यायची. गौतमीचे वडील म्हस्कू ओव्हाळ इथं कॉलबॉय होते. पंचावन्नाव्या वर्षी डोक्याला टक्कल घेऊन कॉलबॉय, रेल्वेचा हुद्दाच तसा. काम एवढंच, की ज्या ड्रायव्हरची गाडी असेल त्याच्या घरी दोन तास आधी जायचं, त्याला उठवायचं आणि उठवल्याची वहीत सही घ्यायची. लहानपणी तिला वाटायचं जगातली सगळी माणसं आपल्या बापानं उठवल्याशिवाय उठत नाहीत. एकदा असं झालं की डिसोझा नावाच्या ड्रायव्हरनं दारात येऊन सही केली, दार लावलं आणि परत जाऊन झोपला. मालगाडी पाऊण तास उभी. चौकशी झाली. म्हस्कूनं वही पुढं केली. डिसोझा भला माणूस, खोटं बोलणारा नव्हता, त्यानं सही नीट निरखून बघितली आणि साहेबासमोर म्हणाला, "सही माझी आहे. पण मी केलेली नाही." सगळे हसले. घरी येऊन वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हाही सगळे हसायचे, फक्त वडील हसायचे नाहीत. ते म्हणायचे, मानूस डोळं उगडं ठिवून, हुबा ऱ्हाऊन, हसून बोलून सही करतो, आन् आत कुनीच नसतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं हुतं, मला कळाया पायजे हुतं. त्यानंतर त्यांनी आपला नेम केला. दार उघडलं की आधी म्हणायचे, सायेब, पानी प्या. समोर घोटाघोटानं पाणी प्यायला लावायचे, घशातून आवाज ऐकायचे, मगच वही पुढं करायचे. म्हस्कूनं पाणी प्यायला सांगायचं आणि वरच्या जातीच्या ड्रायव्हरांनी ते ऐकून आपल्या घरातलं पाणी प्यायचं, याची स्टेशनात थट्टा व्हायची. पण पुन्हा कधी गाडी थांबली नाही.

वडील गेले त्याला अठरा वर्षं झाली. आज ते असते तर काय म्हणाले असते याचा विचार गौतमीनं मुद्दाम केला नाही. ती उठली, खुंटीपाशी गेली, पिशवी काढून मांडीवर घेतली. ताईबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या, टक, टक. सुतळीची गाठ शेवंताबाईंची, सुरगाठ, ओढली की सुटणारी. तिनं ओढली. वरच टॉवेल, त्याला फवाऱ्याचा उग्र वास आणि त्याच्या खाली तंबाखूचा. टॉवेलच्या कडेला कागदाचं टोक दिसलं, केसपेपरचा फिका हिरवा रंग. काढून बघितला की कळणार होतं. चारच्या पुढं आकडा असेल तर तिनं बोट धरलं होतं, आकडा सांगितला होता, त्यांनी लिहिला होता, आणि ती झोपू शकत होती, आत्ता, इथं, संध्याकाळपर्यंत. नसेल तर. किंवा कागद न बघताच चुलीत. कुणाला ठाऊक होतं असा कागद आहे? तिला. आणि एका मेलेल्या माणसाला. शेंगांचा आवाज थांबला होता. ताईबाई दारात उभ्या होत्या, केव्हापासून कुणास ठाऊक.

"काय शोदतीस त्यात?"

"काही नाही. सगळं आहे का बघतेय."

"बांद," ताईबाई म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "म्या येऊ का संगं?"

गौतमीनं गाठ बांधली. तिला सुरगाठ बांधता आली नाही, साधी मारली. एकटीच जाते म्हणाली.

पाटसचा रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. हायवेला ट्रकसुद्धा तुरळक. धाब्यांच्या बाजा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. हंगाम संपून कारखाना थंड पडलेला, चिमणीतून धूर नाही. तिनं हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, डोळा लागू नये म्हणून: उजवीकडे लिंब, पुढं पूल, पुढं बाई, बाईच्या डोक्यावर भारा. पिशवी हँडलला लटकून गुडघ्याला टेकत होती, हलकी, मांजराच्या डोक्यासारखी. घर विचारावं लागलं. काट्यावरचे शंकरराव म्हटल्यावर माणसानं हात वर करून दाखवलं आणि तिचा मास्क, तिची पर्स, पिशवीवरचं 'शुभविवाह' बघून दोन पावलं मागं सरला.

साखरबाई ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. शंकरराव या आपल्या बायकोविषयी सांगायचे, दिवसभर कारखान्यात साखर आणि घरी पण साखर, म्हणून मला काही गोड लागत नाही. गौतमीच्या मनात होतं पिशवी द्यायची आणि निघायचं, सहा वेळा केलं होतं तसं. पण साखरबाईंनी पिशवी घेतली नाही, समोर ठेवायला सांगितली, आणि ठेवल्यावर गाठ सोडायला लागल्या. साधी गाठ, तरी त्यांना वेळ लागला. टोपी काढून त्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं, औषधाचा वास. टॉवेल मांडीवर. चष्म्याचं घर उघडून चष्मा बघितला, पेन्सिलीचा तुकडा बघितला, घर मिटलं. मग कागद. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"काय हाय हे?"

"त्यांचा ऑक्सिजन. आम्ही सांगायचो, ते लिहून ठेवायचे."

"वाचा की. मला आक्षर येत न्हाई. पुतन्या येईल रातच्याला, पन त्यो घाईनं वाचतो."

गौतमीनं कागद हातात घेतला. उभ्यानंच वाचायला लागली, पहिल्या दिवसापासून. आठ, एकोणनव्वद. बारा, नव्वद. चार, नव्वद. सहा, एक्क्याण्णव. साखरबाई प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या, चांगला की वाईट हे न विचारता. कागद भरत गेला तसं अक्षर बारीक होत गेलं होतं. शेवटच्या ओळी समासात, उभ्या लिहिलेल्या. कागद फिरवावा लागला. आठ, त्र्याण्णव. बारा, चौऱ्याण्णव. त्याच्या पुढं चार होतं. चारच्या पुढं आकडा नव्हता, अक्षरं होती, वाकडी, खाली घसरत गेलेली, तरी काट्यावरच्या माणसाची, प्रत्येक शब्द सुटा. ती पायरी इथं होती. पाय टेकला.

थांबता येत होतं. चौऱ्याण्णवनंतर कोरं आहे म्हणता येत होतं, पुतण्या रात्री काय वाचेल ते वाचेल, तोवर ती दौंडला. साखरबाईंची मान पुढच्या आकड्यासाठी किंचित उचललेली होती. गौतमीला आपला हात दिसला, कागद धरलेला, दोन बोटांच्या चिमटीत, आणि त्या हाताची तिला इतकी भीती वाटली की तिनं वाचलं, हातानं दुसरं काही करायच्या आत वाचलं.

"चार. सिस्टर खुर्चीत झोपल्या. उठवलं नाही. सकाळी काटा विचारू."

कुठंतरी शेळी ओरडली. साखरबाईंनी मान हलवली नाही.

"फुडं?"

"पुढं कोरं आहे."

"त्या सिस्टर तुमीच का?"

"मीच." मग ती सगळं बोलली, मास्कमधून, मधे न थांबता, बाही, धब्बा, दारापाशी लिहिलेला आकडा. बोलताना तिला कळलं की ती हे सगळं चालीत बोलतेय, राउंडचं रिपोर्टिंग करतात तसं. "चारला मी त्यांचं बोट धरलं नाही. आणि कागदावर चौऱ्याण्णव लिहिलं."

"धरलं आस्तं तर?"

"माहीत नाही." हे खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

साखरबाई बराच वेळ टोपीची घडी करत राहिल्या. टोपीची घडी एकच असते, ती त्यांनी चारपाचदा केली. "उठवाया पायजे हुतं त्येनी," त्या शेवटी म्हणाल्या. रागानं म्हणाल्या, आणि राग नेमका कुणाकडे चालला होता हे गौतमीला कळेना. तिच्या अंगावरून जाऊन मागं कुठंतरी. "मलाबी कवा उठवायचं न्हाईत. रातपाळीवरनं यायचं, अंदारात हातानं भाकरी घिऊन खायचं. सकाळी मी भांडायची. का न्हाई उठिवलं म्हून भांडायची." त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत आत गेल्या. दाराचा पडदा हलायचा थांबला. आता त्या बाहेर येणार नाहीत, असं गौतमीला वाटलं. पुतण्याला फोन लावत असतील, चार माणसं बोलावत असतील, आणि ते बरोबरच होईल. ती उन्हात उभी राहिली. पळायचं तिच्या मनात आलं नाही. पायांना रस्ता आठवत नव्हता.

साखरबाई पितळी तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. फुलपात्र भरून ओट्याच्या कडेला ठेवलं. "बसा. पानी प्या."

गौतमी बसली. मास्क खाली केला. साखरबाई मागं सरल्या नाहीत. पाणी माठाचं, गार होतं. ती घोटाघोटानं प्यायली आणि प्रत्येक घोट घशातून उतरताना तिला ऐकू आला. साखरबाई तिच्या तोंडाकडे, उघड्या तोंडाकडे बघत होत्या, किती तरुण आहे, किती नाही, असं काहीसं.

"तुमाला झोप लागती का?"

"नाही."

"मलाबी न्हाई," साखरबाई म्हणाल्या.

सावली ओट्यावरून भिंतीवर चढली. गौतमीनं पर्समधून खुलाशाचा कागद काढला, पेन शोधलं, नव्हतं. साखरबाईंनी न बोलता चष्म्याचं घर उघडून पेन्सिलीचा तुकडा पुढं केला. पेन्सिलीनं लिहिलेला खुलासा ऑफिसात चालत नाही, उद्या पेनानं पुन्हा उतरवावा लागेल, मग शेवंताबाई कपाळाला हात लावतील, मग पुढचं काय ते पुढं. हे तिला सगळं दिसत होतं. तिनं कागद मांडीवर पर्सवर ठेवला आणि लिहिलं. अक्षर वाईट आलं, बसकं, थरथरतं. ते बघून तिला किंचित बरं वाटलं.

"काय लिवलं? वाचा."

"चार वाजता अकरा नंबरच्या पेशंटचं रीडिंग मी घेतलेलं नाही. मला झोप लागली होती."

साखरबाईंनी मान हलवली, आकड्यांना हलवली होती तशीच. मग तांब्या उचलून रिकामं फुलपात्र पुन्हा भरलं आणि म्हणाल्या, "खाली सही लागती न्हवं? करा."